अपग्रेडनंतर हार्डवेअर ओळखले जात नाही, तेव्हा आधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपवर विंडोज १० होते, ते जागच्या जागी विंडोज ११ वर अपग्रेड केले. त्यानंतर वाय-फाय गायब झाले, यूएसबीतून सीरियल पोर्ट देणारी जुनी केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) पिवळे चिन्ह येते, आणि प्रिंटर-स्कॅनर छापतो पण स्कॅन करीत नाही. सापडतील ते ड्रायव्हर (उपकरण आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुवा असलेली सॉफ्टवेअर्स) टाकून पाहिले, एक 'ड्रायव्हर अपडेटर'ही चालवला, तरी फरक पडला नाही. आता हार्डवेअर बदलावे की विंडोज पुसून नव्याने टाकावे?

माझ्या मते यांपैकी काहीही इतक्यात करू नये. एका अपग्रेडनंतर तीन उपकरणे बंद पडली म्हणून कारणही एकच असले पाहिजे असे नाही. वर्णनावरून तरी ही तीन निरनिराळी दुखणी दिसतात, आणि तिन्हींवर सरसकट ड्रायव्हरचा मारा करणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला. नेमके कुठे अडले आहे हे ठरेपर्यंत एकही नवा ड्रायव्हर टाकू नये. ते ठरवण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती विंडोजने आधीच नोंदवून ठेवलेली असते. ती वाचायची कशी, एवढाच खरा प्रश्न असतो.

एखादे उपकरण ओळखले जाण्याचे साधारण पाच टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात त्याला वीज मिळते आणि फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारे यंत्राचे स्वतःचे सॉफ्टवेअर (बायोस किंवा यूईएफआय), त्याला चालू ठेवते. दुसऱ्या टप्प्यात पीसीआय एक्सप्रेस किंवा यूएसबीच्या बसवर, म्हणजे उपकरणे जोडणाऱ्या मार्गावर, ते स्वतःचा ओळखक्रमांक सांगते. त्यात चार अंकाक्षरे उत्पादकाची आणि चार त्या वस्तूची असतात. तिसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टिम त्या क्रमांकावर दावा सांगणारा ड्रायव्हर आपल्या साठ्यात शोधते. चौथ्यात त्या ड्रायव्हरची डिजिटल सही तपासून तो चढवला जातो आणि तो उपकरणाला सुरू करतो. पाचव्यात सेवा, परवानग्या आणि प्रत्यक्ष वापराचे सॉफ्टवेअर येते. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपग्रेड तिसऱ्या टप्प्यापासून पुढे उलथापालथ करते. पहिल्या दोन टप्प्यांना ते सहसा हात लावत नाही. 'सहसा' म्हणण्याचे कारण असे, की अनेक लॅपटॉपचे फर्मवेअरही आता विंडोज अपडेटमधूनच येते आणि ते बदलल्यावर बायोसमधली एखादी निवड पूर्ववत होऊ शकते. वाय-फाय बायोसमधूनच बंद झालेले असेल, तर विंडोजमध्ये कितीही शोधाशोध केली तरी ते सापडणार नाही.

म्हणून पहिली तपासणी विंडोजच्या बाहेर करावी. बायोसच्या पडद्यावर वायरलेस कार्ड चालू दाखवले आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर एखादे लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, ते इन्स्टॉल न करता नुसते चालवून पाहावे. तिथे वाय-फायची जाळी दिसली, तर कार्ड, अँटेना आणि सॉकेट हे तिन्ही संशयातून सुटले. मग प्रश्न विंडोजच्या आतलाच आहे, हे पक्के झाले. हार्डवेअर निर्दोष ठरवण्याची याहून खात्रीची आणि कमी त्रासाची रीत मला माहीत नाही. मात्र या वाटेला जाण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे का, ते पाहून घ्यावे. बायोसमध्ये सिक्युअर बूटसारखी (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी) एखादी निवड बदलली, तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना ती की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर वाय-फाय राहिले बाजूला, सगळ्या फायलींनाच मुकण्याची वेळ येते.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की अनेकजण ती सोडून देतात. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे संगणक बंद करून चालू केला तरी ड्रायव्हर खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाहीत. 'रीस्टार्ट' मात्र सारे पहिल्यापासून सुरू करते. अपग्रेडनंतर दहा वेळा बंद-चालू करूनही न दिसणारे उपकरण एका रीस्टार्टने परत येते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक पाऊल टाकता येते: पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी काढता येत असल्यास तीही काढावी, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. अडकून पडलेले वायरलेस कार्ड किंवा टचपॅड यानंतर शुद्धीवर येण्याची शक्यता बरीच असते.

आता डिव्हाइस मॅनेजर. तिथे उपकरणाच्या नावावर दोनदा क्लिक केल्यावर 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत एक कोड दिसतो. तो वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, कारण दोन कोडांचे अर्थ परस्परविरुद्ध दिशांना नेणारे असू शकतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. दोन टप्पे सुरळीत पार पडले आहेत, तिसऱ्यावर अडले आहे, आणि इथे योग्य ड्रायव्हर दिला की काम होते. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. ड्रायव्हर चुकीच्या आवृत्तीचा असू शकतो किंवा उपकरणच अडकलेले असू शकते. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हर चढवता आला नाही. त्याची फाइल खराब आहे किंवा जागेवर नाही. कोड ५२ म्हणजे सही पटली नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी ते उपकरण बंद करून ठेवले आहे, आणि त्यासाठी 'एनेबल' म्हणण्यापलीकडे काही लागत नाही. कोड ४५ म्हणजे ते उपकरण सध्या जोडलेलेच नाही. विंडोजला त्याची फक्त आठवण आहे.

कोड ४३ मात्र सावधपणे वाचावा. उपकरणाने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले, असा त्याचा अर्थ आहे. यूएसबीच्या बाबतीत त्याच्यासोबत कधीकधी 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असे लिहिलेले असते आणि ओळखक्रमांकात उत्पादकाच्या जागी चार शून्ये दिसतात. हे दिसले की ड्रायव्हरचा विचार पूर्ण सोडून द्यावा. चार शून्ये म्हणजे उपकरणाला आपले नावही सांगता आलेले नाही, आणि ज्याचे नावच कळलेले नाही त्याचा ड्रायव्हर शोधणार तरी कोठून? तिथे केबल बदलावी, हब काढून थेट मशीनच्या पोर्टात लावावे, दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. असे दोष अपग्रेडच्या आधीपासून कुरकुरत असतात. नेमके अपग्रेडनंतर लक्षात आले म्हणून दोष अपग्रेडवर येतो.

ओळखक्रमांक कसा वाचायचा ते एकदा नीट पाहू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. उपकरणाच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये जाऊन यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. पीसीआयवरच्या उपकरणात 'व्हीईएन' या अक्षरांपुढे उत्पादकाचा आणि 'डीईव्ही'पुढे वस्तूचा क्रमांक असतो. यूएसबीत त्याच जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतात. उत्पादकाचा क्रमांक ८०८६ असेल तर ते इंटेलचे, १०ईसी असेल तर रिअलटेकचे, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमचे, १६८सी असेल तर क्वालकॉम अथेरॉसचे. नावाच्या जागी नुसते 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेले असले तरी या चार अंकाक्षरांवरून ते नक्की कोणाचे आहे हे ठरते. याचे महत्त्व असे की लॅपटॉपच्या एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कंपन्यांची वायरलेस कार्डे बसवलेली असतात. आपण मॉडेलचे नाव टाकून वाय-फाय ड्रायव्हर उतरवता, तो व्यवस्थित इन्स्टॉल होतो, 'यशस्वी' असा संदेशही येतो, आणि वाय-फाय मात्र दिसत नाही. कारण तो ड्रायव्हर त्याच मॉडेलमधल्या दुसऱ्या कार्डासाठी होता. तेव्हा ड्रायव्हर उतरवताना मॉडेलच्या नावावर विसंबू नये, ओळखक्रमांक पाहावा.

वाय-फायच बंद असताना वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायचा कसा, ही अडचण खरी आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यावर यूएसबी टेदरिंग चालू केले, तर त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो आणि इंटरनेट मिळते. त्याहून चांगली वाट तर आपल्याच डिस्कवर असते. अपग्रेडनंतर जुने विंडोज 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले असते, आणि त्यातल्या 'विंडोज', 'सिस्टिम३२', 'ड्रायव्हरस्टोअर' या मार्गाने गेल्यावर 'फाइलरिपॉझिटरी' नावाचे फोल्डर मिळते. कालपर्यंत चालणारा ड्रायव्हर तिथेच पडलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' म्हणून, 'ब्राउज माय कॉम्प्युटर' निवडून हे फोल्डर दाखवावे आणि उपफोल्डरही शोधण्याची खूण चालू ठेवावी. विंडोज ओळखक्रमांकाशी जुळणारा ड्रायव्हर स्वतः शोधून घेते. विंडोज १० आणि ११ चे बहुतेक ड्रायव्हर एकमेकांत चालतात, त्यामुळे हा उपाय लागू पडण्याची शक्यता चांगली असते. फक्त हे फोल्डर साधारणपणे दहा दिवसांनंतर आपोआप पुसले जाते, आणि त्याबरोबर मागच्या विंडोजवर परतण्याची सोयही जाते. जागा मोकळी करण्यासाठी पहिल्याच दिवशी डिस्क क्लीनअप चालवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्या बाबतीत दहा दिवस उलटले नसतील, तर हे फोल्डर आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे.

मागे परतण्याबद्दल माझे मत असे, की ती सोय थोडी उसंत मिळवण्यासाठी वापरावी, कायमच्या मुक्कामासाठी नव्हे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

आता एक मुद्दा, ज्याकडे अनुभवी माणसांचेही दुर्लक्ष होते. डिव्हाइस मॅनेजर उघडल्यावर जी यादी दिसते ती प्रकारांनुसार लावलेली असते. तिच्यात कोण कोणावर अवलंबून आहे हे कळत नाही. 'व्ह्यू' मेनूतून 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडले की तीच उपकरणे झाडाच्या रूपात दिसतात, आणि कित्येक कोडी एका नजरेत सुटतात. लॅपटॉपचा टचपॅड हे उत्तम उदाहरण आहे. आजच्या बहुतेक टचपॅडना यूएसबीचा आधार नसतो. ते आयटूसी नावाच्या बसवर बसलेले असतात, आणि ती बस चालवणारा इंटेलचा सीरियल आयओ कंट्रोलर हे स्वतंत्र उपकरण असते. अपग्रेडमध्ये त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर गेला, तर टचपॅड यादीत पिवळ्या चिन्हासह दिसण्याऐवजी पूर्णपणे नाहीसा होतो. लोक टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकतात, आणि ज्या फांदीवर तो बसलेला आहे ती फांदीच जागेवर नसते. लॅपटॉपमधल्या मायक्रोफोनचे आणि आवाजाचेही असेच होते. आवाजाची चिप रिअलटेकची असते, पण तिच्या वरची बस इंटेलच्या स्मार्ट साउंडच्या ड्रायव्हरवर चालते. तो नसेल तर रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही ताजा असला तरी त्याला पकडायला काही सापडत नाही.

म्हणूनच ड्रायव्हर टाकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मूळ चिपांचा संच), मग सीरियल आयओ आणि त्या जातीचे बसचे ड्रायव्हर, मग ग्राफिक्स, आवाज व नेटवर्क, आणि सर्वांत शेवटी टचपॅड, फिंगरप्रिंट आणि कंपनीची हॉटकी-सॉफ्टवेअर्स. यादीत 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' असे गूढ नाव पिवळ्या चिन्हासह दिसले तर घाबरू नये. इंटेलच्या यंत्रांत ते बहुधा मॅनेजमेंट इंजिनचे असते. 'एसएम बस कंट्रोलर' दिसला तर चिपसेटचा संच टाकायचा राहिला आहे. या दोघांचा आपल्या वाय-फायशी थेट संबंध नसतो, पण चिपसेटचे काम अर्धवट राहिल्याची ती खूण असते, आणि मी तरी तिथूनच सुरुवात करतो.

ड्रायव्हर आहे, क्रमांक जुळतो, तरी चढत नाही, असे असेल तर प्रश्न सहीचा किंवा 'मेमरी इंटेग्रिटी'चा असतो. विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नियम असा झाला की कर्नलमध्ये चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून मिळालेली सही असावी. त्याला तीन सवलती होत्या: आधीच्या विंडोजवरून अपग्रेड होऊन त्या आवृत्तीवर आलेली यंत्रे, सिक्युअर बूट बंद असलेली यंत्रे, आणि २९ जुलै २०१५ पूर्वी दिलेल्या प्रमाणपत्राने सही झालेले ड्रायव्हर. मेमरी इंटेग्रिटी ही दुसरी चाळणी आहे. ती कर्नलमधल्या कोडची तपासणी वेगळ्या, संरक्षित जागेतून करते आणि तिच्या नियमांत न बसणारे जुने ड्रायव्हर चढूच देत नाही. योग्य हार्डवेअरवर नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये ती मुळातच चालू असते.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की विंडोज पुसून नव्याने टाकण्याच्या सल्ल्याबद्दल मी साशंक का आहे, हे ध्यानात येईल. वर्षानुवर्षे अपग्रेड होत आलेल्या यंत्रावर चालणारा जुना ड्रायव्हर, त्याच यंत्रावर विंडोज कोरे टाकल्यावर नाकारला जाऊ शकतो. जुने उपकरण वाचवणे हाच उद्देश असेल तर कोरी स्थापना हा उलट दिशेचा प्रवास ठरण्याचा धोका आहे. मेमरी इंटेग्रिटीची स्थिती 'विंडोज सिक्युरिटी'मधल्या 'डिव्हाइस सिक्युरिटी'त, 'कोअर आयसोलेशन'च्या तपशिलात दिसते, आणि ती चालू करण्याच्या आड येणाऱ्या ड्रायव्हरांची यादीही तिथेच मिळते. निदान करण्यापुरती ती बंद करून, रीस्टार्ट करून पाहण्यास हरकत नाही. उपकरण चालू झाले तर कारण सापडले. पण संरक्षण कायमचे बंद ठेवून उपकरण चालवत राहणे मी सुचवणार नाही. सुरुवातीच्या पर्यायांतून एफ७ दाबून सहीची सक्ती उठवता येते, तीही अशीच केवळ तपासणीची सोय आहे; पुढच्या रीस्टार्टला ती सक्ती परत लागू होते.

एवढ्यानेही थांग लागला नाही, तर विंडोजच्या 'आयएनएफ' फोल्डरमध्ये 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग' नावाची फाइल असते ती उघडावी. फाइल लांबलचक असते, पण सगळी वाचावी लागत नाही. आपल्या उपकरणाचा ओळखक्रमांक शोधावा आणि त्या भागात ज्या ओळींच्या आरंभी तीन उद्गारचिन्हे आहेत त्या पाहाव्यात. एक उद्गारचिन्ह म्हणजे इशारा, तीन म्हणजे चूक. कोणता ड्रायव्हर निवडला, कोणता नाकारला आणि का, हे तिथे स्पष्ट नोंदलेले असते.

आता आपल्या सीरियल केबलकडे वळू. तिचा उत्पादक क्रमांक आधी पाहावा. ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, ०४०३ म्हणजे एफटीडीआय, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्ज, आणि १ए८६ म्हणजे सीएच३४० जातीची चिप. शेवटच्या तिघांचे ड्रायव्हर बहुधा सहज बसतात. प्रोलिफिकचे मात्र वेगळे आहे. पीएल२३०३ मालिकेतल्या जुन्या चिपांचा आधार कंपनीच्या नव्या ड्रायव्हरमधून काढून टाकलेला आहे, आणि अशी चिप लावल्यावर उपकरणाच्या नावाच्या जागी चक्क 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२' असे वाक्य उमटते. बहुतेकांची नजर पिवळ्या चिन्हावर खिळते आणि नाव वाचलेच जात नाही. आपण ते वाचावे. हे वाक्य दिसत असेल तर नवा ड्रायव्हर जितका नवा तितका तो नकार पक्का. 'लेट मी पिक' या पर्यायातून यादीतला जुना ड्रायव्हर हाताने निवडता येतो आणि त्यावर केबल चालूही शकते. पण विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर आणून बसवते आणि काम ऐन वेळी बंद पडते. केबलच्या पलीकडे एखादे मोजमापाचे किंवा नियंत्रणाचे यंत्र असेल, तर मी ही कसरत करणार नाही; केबल बदलून वेगळ्या चिपची घेईन.

सीरियल पोर्टचा आणखी एक फसवा प्रकार आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबल निरोगी दिसते, पिवळे चिन्ह नाही, तरी आपले सॉफ्टवेअर 'उपकरण सापडले नाही' म्हणते. अपग्रेडनंतर किंवा वेगळ्या यूएसबी पोर्टात लावल्यावर विंडोज तिला नवा कॉम क्रमांक (सीरियल पोर्टचा क्रमांक) देते. काल कॉम३ होता, आज कॉम७ आहे, आणि सॉफ्टवेअर अजून कॉम३ च्या दारात उभे असते. 'शो हिडन डिव्हायसेस' निवडले की जुना पोर्ट फिकट रंगात दिसतो. तो काढून टाकावा आणि नव्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' रचनेत जाऊन जुना क्रमांक परत द्यावा. इथे ओळख शाबूत आहे, बिघाड पाचव्या टप्प्यावरचा आहे. कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या पुष्कळ तक्रारीही याच टप्प्यावरच्या असतात: प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये परवानगी नसते, किंवा कॅमेऱ्यावरची बारीक सरकती पट्टी बंद असते.

छापणारा पण स्कॅन न करणारा प्रिंटर हाही बुचकळ्यात टाकणारा प्रकार आहे. असे यंत्र एका केबलवर दोन-तीन उपकरणे म्हणून वावरते, आणि छपाईचा भाग व स्कॅनचा भाग यांचे ड्रायव्हर वेगळे असतात. अपग्रेडच्या वेळी छपाईला विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर मिळून जातो. स्कॅनच्या वाट्याला काही येत नाही. अशा वेळी प्रिंटर काढून टाकून, केबल सोडवून, कंपनीचा पूर्ण संच आधी टाकावा आणि संच सांगेल तेव्हाच केबल जोडावी. 'विंडोज इमेज अ‍ॅक्विझिशन' ही सेवा चालू आहे का, तेही पाहावे. यंत्र नेटवर्कवर चालणारे आणि फार जुने नसेल, तर ड्रायव्हरशिवाय स्कॅन करण्याची पद्धत त्यात असू शकते. तसे असेल तर यूएसबीचा हट्ट सोडून ते नेटवर्कवरून जोडणे सोपे पडते. कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नसेल, तर मात्र विंडोज ११ मध्ये मार्ग नाही, कारण ते ६४ बिटमध्येच येते आणि त्यात ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर चढत नाही. आपण जागच्या जागी अपग्रेड केले, त्या अर्थी आपले जुने विंडोज ६४ बिटचे होते आणि स्कॅनर त्यावर चालत होता. म्हणजे ही भीती आपल्याला नाही.

काही वेळा आधार जाणूनबुजून काढून घेतलेला असतो, आणि तिथे ड्रायव्हर शोधण्यात घालवलेला वेळ वायाच जातो. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी काढून टाकली गेली, आणि तिच्यावर अवलंबून असलेले आभासी वास्तवाचे हेडसेट त्या आवृत्तीत चालेनासे झाले. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमध्ये अगेरे मोडेमचा विंडोजसोबत येणारा जुना ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणास्तव हटवला गेला, आणि त्यावर चालणारे फॅक्स-मोडेम बंद पडले. म्हणून कोड वाचल्यानंतर आणि क्रमांक पाहिल्यानंतर, त्या आवृत्तीतून काय काय काढले आहे याची मायक्रोसॉफ्टने दिलेली यादी एकदा चाळावी.

डिस्कच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. दुसरी डिस्क दिसेनाशी झाली असेल तर आधी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. पुष्कळदा डिस्क तिथे असते, फक्त तिचे अक्षर गेलेले असते, आणि ते परत दिले की काम संपते. पण 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' असा प्रश्न समोर आला, तर डिस्कवर माहिती असताना त्याला होकार देऊ नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. कोरे विंडोज टाकताना त्याचा ड्रायव्हर दिला नाही तर डिस्कच दिसत नाही. म्हणून चालू यंत्रावर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. तसे केल्यास विंडोज सुरूच न होता 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'च्या निळ्या पडद्यावर थांबू शकते.

लिनक्समध्ये साखळी तीच असते, नावे वेगळी. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा ओळखक्रमांक आणि कोणता मॉड्यूल (लिनक्समधला ड्रायव्हर) चढला आहे ते दाखवते, आणि कर्नलच्या नोंदीत फर्मवेअर न मिळाल्याची ओळ शोधावी. डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर आल्यावर वाय-फाय गेले, तर सोर्सेसच्या यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग जोडलेला आहे का ते आधी पाहावे. १२ व्या आवृत्तीपासून तो वेगळा केला आहे आणि अपग्रेड करताना तो हाताने लिहावा लागतो. बाहेरून बांधलेले एनव्हिडियासारखे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधले गेले का, आणि सिक्युअर बूट चालू असल्यास त्यावर नोंदणी झालेल्या किल्लीची सही आहे का, हे दोन प्रश्न त्यानंतरचे. सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडून उपकरण चालते का, हे पाहिले की दोष कर्नल बदलल्याचा आहे की नाही ते लगेच कळते. मॅकवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त परवानगीची वाट पाहत पडलेले एक्स्टेन्शन हे नेहमीचे कारण आहे; मॅकओएस व्हेंच्युरापासून अ‍ॅपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर नव्या यूएसबी उपकरणालाही जोडण्याची परवानगी विचारली जाते, आणि तो प्रश्न नकळत नाकारला गेला की उपकरण मेल्यासारखे वाटते.

आपण चालवलेला 'ड्रायव्हर अपडेटर' काढून टाकावा, आणि त्याने काय बदलले ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेका उपकरणाच्या 'ड्रायव्हर' टॅबवरची तारीख पाहून तपासावे. जिथे 'रोल बॅक ड्रायव्हर'चे बटण जिवंत आहे तिथे ते वापरावे. ही सॉफ्टवेअर्स क्रमांकाशी ढोबळ जुळणारा सर्वांत नवा ड्रायव्हर बसवतात. लॅपटॉपच्या कंपनीने त्या यंत्रासाठी केलेले बदल त्यात नसतात.

वाय-फायपुरते बोलायचे तर क्रम असा ठेवावा: पूर्ण बंद करून बटण दाबून धरणे, बायोस पाहणे, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून खात्री करणे, मग चिपसेट, आणि मग जुन्या फोल्डरमधला ड्रायव्हर. बायोसमध्ये कार्ड चालू असूनही लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय'च्या यादीत त्याचा क्रमांकच येत नसेल, तर दोष दुसऱ्या टप्प्याच्याही आधी आहे आणि तिथे कोणताही ड्रायव्हर पोचत नाही. वॉरंटी आड येत नसेल तर मागचे झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून, एम.२ सॉकेटमधले कार्ड एकदा काढून पुन्हा बसवावे आणि अँटेनाच्या दोन्ही बारीक तारा आपापल्या जागी घट्ट आहेत ना ते पाहावे. कार्ड बोर्डावरच जोडलेले असेल, किंवा पुन्हा बसवूनही क्रमांक येत नसेल, तर यूएसबीचा वाय-फाय अ‍ॅडॅप्टर लावून काम सुरू करावे. फक्त घेताना त्याच्या चिपचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.